बिनधुराची आगटी

आमच्या घरमालकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते परसात पालथे पडलेले असताना. लग्न होऊन मी नुकतीच नाशकात आले होते. सकाळी मागचं दार उघडते तो पेरूच्या झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ धोतर-बंडीनिशी जमिनीवर आडवे, गाल मातीला टेकलेला, एक डोळा घट्ट मिटलेला. झटका आला असावा असं वाटून मी ह्यांना हाका मारायला लागले, तर त्या गृहस्थांनी डोकं न उचलता हात वर केला आणि गप्प राहायची खूण केली. त्यांच्या नाकासमोर एक खड्डा होता आणि खड्ड्यातून धूर निघत होता. बऱ्याच वेळाने ते उठून बसले, गालाची माती पुसली आणि जुनी ओळख असल्यासारखे मला म्हणाले, "धूर वरून बघून काही कळत नाही. तो कुठून निघतो ते खालूनच दिसतं."

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, तुम्ही मला वेड्याच्या घरात आणून ठेवलंत. हे वर्तमानपत्र वाचत होते. वेडे नाहीत, विक्षिप्त आहेत, असं म्हणून ह्यांनी पान उलटलं. कोर्टातल्या कारकुनाला असले बारीक फरक करायची सवय असते.

तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि पाठीमागे मालक. कालव्यांच्या कचेरीत नकाशे उतरवण्याची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. पंचवटीत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं कौलारू घर होतं. नाशकात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या दोन खोल्यांत ते, त्यामागे परस आणि परसाच्या कुंपणापलीकडे माळ्यांचे मळे. त्यांना आणि काकूंना मूलबाळ नव्हतं. माणूस उंच, किडकिडीत, आणि हात मात्र एखाद्या गवंड्याचे असावेत तसे मोठे.

विकत आणणं हा त्यांच्या मते जगातला सगळ्यात मोठा आळस होता. बाजारात जाणाऱ्या माणसाला ते दारातच अडवायचे आणि ती वस्तू घरच्या घरी कशी होईल ते समजावून सांगायचे. बिचारा माणूस 'बरं बरं' म्हणत मागे सरकायचा. मोडक्या छत्रीच्या काड्यांपासून त्यांनी शिंकाळं केलं होतं. कचेरीने टाकून दिलेलं नकाशांचं कापड आणून, उकळून, त्यातली खळ काढून त्यांनी काकूंच्या उशांचे अभ्रे शिवले होते. कापड मलमलीसारखं मऊ निघालं होतं, पण कितीही उकळलं तरी एका अभ्र्यावर कुठल्या तरी पाटाची निळी रेघ तशीच राहिली होती. ह्या पाटाला अजून पाणी सुटलेलं नाही, असं ते मोठ्या गंभीरपणे सांगायचे.

दुसऱ्याची चूल दिसली की त्यांना राहवत नसे. मी भाकरी थापत असले की दारातून 'येऊ का' म्हणायचे आणि मी काही बोलायच्या आत चुलीपुढे उकिडवे. तुमच्या चुलीला दमा आहे, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. मग एक लाकूड बाहेर ओढून, दुसरं आडवं घालून, राख मागे सारून ते उठायचे, आणि खोटं कशाला बोलू, चूल खरंच बरी पेटायची. परक्या पुरुषाने सुनेच्या चुलीत हात घातला हे माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी गावाहून येऊन आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं असतं. धूर म्हणजे अर्धवट जळणं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याची शेपूटही ठरलेली होती, की लाकूड काय आणि माणूस काय, अर्धवट जळलं की त्याचा त्रास शेजारच्याला. हे ते हसत हसत म्हणायचे आणि मीही हसायचे.

धुराशी त्यांचं एवढं हाडवैर का, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. परसाच्या टोकाला कुडाची एक पडवी होती, तीन बाजूंनी उघडी. तिथे बाजेवर काकू असायच्या, दिवसा आणि रात्रीही. काकूंना क्षय झाला होता. एकोणीसशे तीस-पस्तीसच्या सुमाराच्या त्या काळात क्षयाला औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध आणि देवाची मर्जी, एवढंच होतं. डॉक्टरांनी सॅनेटोरियमचं नाव काढलं होतं, ते परवडण्यासारखं नव्हतं, आणि काकूही घर सोडून जायला तयार नव्हत्या. मग डॉक्टर म्हणाले होते, उघड्यावर ठेवा, धूर अजिबात नको, थंडीही लागू देऊ नका. हा हिवाळा निभावला तर पुढचं बघता येईल.

बोलायला काय जातं? नाशिकची पौषातली थंडी ज्याने अंगावर काढली आहे त्यालाच ह्यातली गंमत कळेल. गंगेवरचं वारं मळ्यांवरून सरळ त्या पडवीत शिरायचं. कोळशाच्या शेगडीने उघड्यावर तळहातसुद्धा शेकत नाहीत. मोठा जाळ हवा. मोठा जाळ म्हणजे धूर. आणि धुराचा नुसता वास आला तरी काकूंना अशी उबळ यायची की पुढच्या खोलीत आमचा घास हातातच राहायचा. मालक मला एकदा म्हणाले होते, "सॅनेटोरियममध्ये तरी काय देतात? हवा, ऊन आणि ऊब. हवा फुकट, ऊन फुकट. राहिली ऊब. ती मी करतो." त्यांचं सगळं वेड त्या तीन वाक्यांत होतं, आणि ते मला तेव्हापासून वेड वाटेनासं झालं.

त्याला शेकोटी म्हणायचं नाही, अशी ताकीद होती. शेकोटी कोणीही पेटवतो, ही आगटी. पहिली आगटी म्हणजे मी पाहिलेला तो खड्डा, वीतभर खोल आणि धुराने भरलेला. ती बुजवून त्यांनी पडवीपासून थोडी दूर, वाऱ्याची दिशा बघून दुसरी खणली, चांगली गुडघाभर. वीटभट्टीवर टाकून दिलेल्या कच्च्या विटांच्या टोपल्या डोक्यावरून वाहून आणल्या आणि आतून लावल्या. नाक्यावरच्या टांगेवाल्या चाचांनी मोडक्या चाकाची लोखंडी धाव दिली, ती काठावर बसवली. धूर कमी झाला, पण गेला नाही. मालक पुन्हा पालथे.

मग एक दिवस ते छपराकडे बघत बसले आणि आमच्या स्वयंपाकघरावरची नळीची कौलं उतरवू लागले. मी कपाळाला हात लावला. दोन कौलं समोरासमोर ठेवली की त्यांची नळी होते. अशी नळ्यांची एक रांग त्यांनी जमिनीखालून पुरली. एक तोंड वाऱ्याकडे, दुसरं थेट आगटीच्या तळाशी. जाळाला खालून वारा मिळायला लागला आणि धूर जवळजवळ नाहीसाच झाला. काकू बाजेवरून उठून आगटीजवळ पाटावर येऊन बसल्या, एकदाही खोकल्या नाहीत, आणि त्यांनी अंगावरची शाल काढून मांडीवर ठेवली. मालकांनी तिकडे पाहिलं आणि चटकन पाठ फिरवून ते उगाच लाकडं रचायला लागले.

आमच्या डोक्यावरचं छप्पर त्या पायी फाटकं झालं, ह्याबद्दल हे थोडे बोलले. मालकांनी तिथे रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकून दिला. पाऊस पडला की त्याच्यावर ताशा वाजायचा.

आगटीचं सरपण पलीकडच्या मळ्यातली माळीण आणायची. गंगेवर फुलं आणि बाजारात भाजी विकून ती दुपारी परत जायची आणि जाताना कुंपणावरून तुऱ्हाट्यांचा भारा आत टाकायची. धडधाकट, तोंडाळ बाई. आळीतल्या बायका काकूंच्या परसाकडे बघतानासुद्धा नाकाला पदर लावायच्या आणि ही खुशाल पडवीच्या पायरीवर बसून पान खायची. मी तिला विचारलं होतं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "भ्याची काय बाई? माझ्या सासूला बी ह्योच रोग व्हता. तिचं समदं मीच केलं. मला कुठं काय झालं? आन् हितं लय ऊब हाय, घरी कोन देतंय?" मीही मधूनमधून थोडं अंतर राखून बसायचे. ह्यांना ते आवडायचं नाही, पण हे कोर्टात असायचे.

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. मालकांनी गूळ, तीळ, सुगडं सगळं आणलं; त्या दिवशी मात्र ते मुकाट्याने बाजारात गेले. आळीत मी स्वतः घरोघर बोलावणं केलं. सगळ्या जणी 'येऊ हं' म्हणाल्या. आगटी चांगली लालभडक फुलली होती, धुराचं नाव नव्हतं, काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. दिवेलागण झाली तरी माळीण आणि मी, दोघीच. काकूंनी करंडा आमच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्हीच लावून घ्या ग. माझं बोट नको." माळणीने त्यांचा हात धरला आणि त्यांचंच बोट आपल्या कपाळावर टेकवलं. मग मीही तसंच केलं. त्या आळीचा मला आजही राग येतो. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत, तरी येतो.

संक्रांतीनंतर अवकाळी पाऊस आला. दोन दिवस लागून राहिला आणि भट्टीवरच्या त्या कच्च्या विटांचा पार चिखल झाला. आगटी आतून ढासळली. पाऊस गेला तशी मागून थंडी आली, इतकी की मळ्यातली वांगी करपली. काकू घोंगड्यांखाली कुडकुडत होत्या. मालकांनी खड्डा उपसून साफ केला, नळ्या तपासल्या. त्या शाबूत होत्या. आता विरघळणार नाही असं काहीतरी आत लावायचं, हे त्यांनी मनाशी घेतलं. आणि फुकटचे दगड म्हणजे नाशकात गंगेतले.

रोज पहाटे ते गंगेवर आंघोळीला जायचे आणि येताना लोक तांब्यात पाणी आणतात तसे ते ओल्या पंच्यात दगड आणायला लागले. काळे, गुळगुळीत, हातात भरतील असे. घाटावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, काहीतरी अनुष्ठान असेल. एकीने वाटेत थांबवून त्यांच्या दगडांवर फूल वाहिलं. मालकांनी ते फूलही घरी आणून काकूंना दिलं. काकूंना तर आनंदच झाला होता. आजारी पडल्यापासून त्यांना गंगेचं स्नान घडलं नव्हतं. गंगा आपल्या परसात आली, असं म्हणून त्यांनी बाजेवर पडल्या पडल्या प्रत्येक दगडाला हळदीकुंकू लावलं. गंगेचे दगड, काकूंच्या हातचं कुंकू. त्यात काही वाईट असेल असं कोणाच्या मनात येणार? माझ्याही आलं नाही. दगड उन्हात वाळून खडखडीत दिसत होते. मालकांनी ते इतके सुबक बसवले की आगटी देवळातल्या कुंडासारखी दिसायला लागली.

त्या दिवशी थंडी फार होती म्हणून जाळही मोठा केला होता. ऊन उतरत होतं. काकू पाटावर, शेजारी माळीण, मी पायरीवर. मालक उभे होते आणि कधी नव्हे ते खूश दिसत होते. काकू माळणीला आपल्या माहेरच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होत्या. तेवढ्यात बंदूक उडावी तसा आवाज झाला. दगडाची चीप सणकन येऊन पडवीच्या कुडात घुसली. लगेच दुसरा दगड फुटला आणि निखारे बाजेवरच्या गोधडीवर सांडले. मालक दोन्ही हात पसरून आगटीच्या आणि काकूंच्या मधे उभे राहिले. तिसरा फुटला तो त्यांच्या पोटरीत बसला. ते हलले नाहीत. माळणीने काकूंना उचलूनच मागे नेलं. काकूंना साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्या इतक्या दचकल्या होत्या की खोकला सुरू झाला तो थांबेना, आणि मग पदर लाल झाला. तोवर कधी रक्त पडलं नव्हतं.

रात्रीपर्यंत डॉक्टर येऊन गेले. मालकांच्या पोटरीला पट्टी बांधताना ते काय झालं विचारत होते, तेव्हा मालक एवढंच म्हणाले, "आतून ओला होता तो दगड. बाहेरून कोरडा दिसला मला." पुढे हेच वाक्य ते कोणालाही, न विचारता सांगायचे. दूधवाल्यालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकूण एक दगड काढून कुंपणाबाहेर फेकले आणि आगटीवर पत्रा झाकून टाकला. त्यानंतर ते चुलीपाशी आले नाहीत, माझ्याही नाही आणि कोणाच्याच नाही. काकूंच्या अंगावर घोंगड्या वाढवल्या, पितळी लोट्यांत कढत पाणी भरून त्या फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवायला लागले. पाणी पाहता पाहता निवायचं. काकू आता बाजेवरून उठत नव्हत्या. मी दूध घेऊन गेले की त्या हळू आवाजात मला सांगायच्या, "ह्यांना म्हण ना, पेटवा. धूर झाला तरी चालेल मला. पाय गार पडतात ग, पार हाडापर्यंत."

मी म्हटलं. एकदा नव्हे, अनेकदा म्हटलं. काका, दगड आता नाहीत, नुसती माती आहे, मातीत काय फुटणार आहे? ते पत्र्याकडे पाठ करून बसायचे. ह्यांनीही सांगून पाहिलं, माळीण तर पाया पडली. शेवटी मी हट्टाने पत्रा उचलायला गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्या माणसाने तोवर माझ्याशी आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही; तेव्हाही चढवला नाही. म्हणाले, "सूनबाई, आणखी काय फुटेल ते मला सांगता येत नाही. मला आता काहीच सांगता येत नाही." मी पत्रा सोडला. आम्ही घरून शेगडी नेऊन ठेवायचो, ती ते उचलून परत आणून द्यायचे. एवढ्याशा ठिणगीलाही ते घाबरत होते आणि त्यांच्या त्या घाबरण्यापायी काकू गारठत होत्या, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. म्हणून तर बघवत नव्हतं.

माघात एका सकाळी काकू गेल्या. डॉक्टरांनी सांगितलेला हिवाळा संपायला थोडेच दिवस उरले होते.

आळी लोटली. सवाष्ण गेली म्हणून सगळ्या बायका आल्या, नाकाला पदर लावून का होईना, पण आल्या, ओळीने उभ्या राहिल्या, काकूंची ओटी भरली आणि मळवट भरला. संक्रांतीला 'येऊ हं' म्हणालेली एकही मागे राहिली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. मी ओरडले नाही, काकूंच्या हिरव्या लुगड्याच्या निऱ्या सारख्या करत बसले.

मडक्यातून न्यायचा अग्नी घरीच पेटवावा लागतो. पुरुषमंडळी पुढच्या अंगणात गोवऱ्या पेटवू पाहत होती, पण वारा फार होता. नुसता धूर कोंदला आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. कोणीतरी म्हणालं, मागे खड्डा आहे की. त्यांनी परसात जाऊन पत्रा बाजूला केला आणि गोवऱ्या त्या आगटीत घातल्या. मी मागच्या दारात उभी होते. नळ्यांतून वारा तळाशी पोचला, आणि नुसत्या मातीच्या त्या खड्ड्यात जाळ असा स्वच्छ उठला की धुराची एक रेघ दिसेना. दगडांची गरजच नव्हती. विटांचीही नव्हती. मालकांनी जे पुरलं होतं तेवढंच पुरेसं होतं, आणि ते सबंध महिना पत्र्याखाली तसंच पडून होतं.

मालक नुकतेच आंघोळ घालून आणलेले, ओल्या धोतरात पेरूखाली उभे होते. त्यांनी तो जाळ पाहिला. त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं, आणि मी मनात म्हटलं, देवा, त्यांना एवढं तरी दाखवायचं नव्हतंस. भटजींनी मडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते जमिनीवर ठेवलं. आगटीपाशी जाऊन ते उकिडवे बसले आणि दोन्ही हात विस्तवावर धरले. पुष्कळ वेळ धरले. मग उठून तिरडीपाशी आले, पायांवरचं वस्त्र बाजूला केलं आणि काकूंची पावलं आपल्या तळहातांत घट्ट धरून बसले.

भटजी हलकेच म्हणाले, काका, वेळ होतोय.

"पाय गार आहेत," मालक म्हणाले.

तिरडीला हात घातलेल्या माणसांनी हात काढून घेतले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मालक उठले, पुन्हा आगटीपाशी गेले आणि हात शेकायला बसले.